दाद कुणाकडे मागायची?

2009 सालच्या ऑक्टोबरात विधानसभेचं मतदान होतं. आमच्या मोहल्ल्याचं केंद्र नेहमीप्रमाणं उर्दू शाळेत. आम्ही सकाळी आठलाच जाऊन मत देऊन आलो होतो आणि घराच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. अकराच्या सुमाराला शेजारच्या खाला आल्या. हातात फोटोचं मतदार कार्ड, त्याला गुंडाळलेली चिठ्ठी. ओट्याच्या कडेला टेकल्या, थोडा दम घेतला आणि म्हणाल्या, ‘मास्तर, मेरेकू वापस भेज दिये. बोले, खाला, धूप में कायकू चलते, तुमारा वोट होगया.’

‘कोण बोललं?’

‘वो नुक्कड पे खड़े हैं ना पोरां.’

गल्लीच्या तोंडाशी, पानटपरीजवळ, तीन पोरं दोन मोटारसायकली आडव्या लावून उभी होती. सकाळी आम्हीही त्यांच्यासमोरूनच गेलो होतो. आम्हाला त्यांनी ‘सलाम मास्तर’ केला होता. खालांना त्यांनी हात लावला नव्हता, शिवी दिली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. मत झालं असेल तरी मी जाऊन बघते, असं खाला म्हणाल्या तेव्हा एकानं फक्त विचारलं, ‘भाई का केले का गाड़ा चौक में ही लगता ना?’ बस्स, एवढंच. खाला वळल्या आणि आमच्या ओट्यावर आल्या.

‘किसकू बोलनेका, मास्तर?’

आम्ही पेपरची घडी घातली आणि म्हणालो, ‘जाऊ द्या खाला. एका मतानं काय होतं?’

हे म्हणताना आमच्या बोटाला ताजी शाई होती. खालांनी तिच्याकडे पाहिलं असावं, किंवा आम्हालाच तसं वाटलं. त्या उठल्या आणि घरी गेल्या. त्या तीन पोरांपैकी दोन आपलीच होती. त्यातल्या एकाला आम्ही आठवीत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. ‘मतदानाचा हक्क’ हा धडाही आम्हीच शिकवला असणार.

या गोष्टीत कुणी मेलं नाही. कुणाचं डोकं फुटलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आमच्या गावचं मतदान ‘शांततेत’ पार पडल्याचं छापून आलं, आणि ते खोटं नव्हतं. शांतताच होती. तरीही इतकी वर्षं आम्हाला खालांचा तो प्रश्न सोडत नाही. किसकू बोलनेका? आमच्यासारख्या चार बुकं शिकलेल्या माणसाकडे त्याचं उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर थोडंफार ठाऊक होतं आणि तरी आम्ही ते दिलं नाही. म्हणून हा प्रश्न आधी आमच्यावरच येतो, मग पोरांवर, त्यांना उभं करणाऱ्यावर, सरकारवर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. मतदाराला धमकावणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बंदूक येते, पेटी पळवणारी टोळी येते. कायद्याची नजर याहून बारीक आहे. इंग्रजांनी 1920 साली भारतीय दंडविधानात निवडणुकीच्या गुन्ह्यांचं प्रकरण घातलं. त्यात 171-क हे कलम होतं. मतदानाच्या हक्कात कुणी मुद्दाम ढवळाढवळ केली तरी तो ‘गैरवाजवी दबाव’ ठरतो. मतदाराला, किंवा ज्याच्यात त्याचा जीव गुंतला आहे अशा माणसाला, कसल्याही इजेची धमकी दिली तर ठरतोच. खालांचा मुलगा आणि त्याचा केळ्यांचा गाडा या ‘कसल्याही’मध्ये बसतो. 1 जुलै 2024 पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिथं हीच व्याख्या 171 व्या कलमात आहे आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. त्याच व्याख्येत आणखी एक वाक्य आहे, जे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. अमुक मत दिलंस तर तुझ्यावर देवाचा कोप होईल, धर्माचा ठपका बसेल, असं मतदाराच्या मनात भरवणं हाही तोच गुन्हा. शंभर वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांना भीतीचे प्रकार आमच्यापेक्षा बरे कळत होते म्हणायचे. जुम्याच्या नमाजनंतर दाराबाहेर उभं राहून ‘फलाण्याला मत न देणारा कौमचा गद्दार’ असं सांगणारा आणि पानटपरीजवळचा पोरगा, दोघं एकाच कलमात आहेत. हे आपल्यात मोठ्यानं बोललं जात नाही. बायकांच्या बाबतीत तर घरातच टपरी असते. चिठ्ठीवर कोणतं चिन्ह दाबायचं ते आदल्या रात्री नवरा सांगतो आणि आपण त्याला एकी म्हणतो.

आता खालांचा दोष किती? आपल्या काही उलेमांनी मताकडे गवाही म्हणून पाहिलं आहे. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताला साक्ष, शिफारस आणि वकालत अशा तिन्ही नात्यांनी पाहिलं. हा उमेदवार लायक आहे अशी मी अल्लाहला स्मरून साक्ष देतो, तेव्हा पैसे घेऊन दिलेलं मत ही खोटी साक्ष, आणि मत न देणं हे साक्ष लपवणं. निवडणूक आली की हा विचार तकरिरींतून आपल्यापर्यंत पोचतो. तो सुंदर आहे यात शंका नाही. मताला त्यानं किती उंचीवर नेऊन ठेवलं! पण आम्हाला त्याचं थोडं भयही वाटतं. कारण या हिशेबानं त्या दिवशी गुन्हेगार ठरतात खाला. त्यांनी साक्ष लपवली. पोरांचं नावही येत नाही, आमचं तर नाहीच. आम्ही आठ वाजता साक्ष देऊन मोकळे झालो होतो.

इथं सूरे बकराची ती लांबलचक आयत आठवावी, जी कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, आणि ती आहे हिशेबाच्या कागदाबद्दल! साक्ष लपवू नका, लपवील त्याचं मन गुन्हेगार, ही ताकीद तिच्या पुढच्या आयतीत येते. पण त्याआधीच, या मोठ्या आयतीच्या शेवटाकडे, दुसरी एक ताकीद दिलेली आहे. लिहिणाऱ्याला आणि साक्ष देणाऱ्याला कसलाही त्रास पोचता कामा नये, पोचवाल तर ते तुमचं पाप. क्रम पाहा. साक्षीदाराला अभय आधी, साक्ष लपवू नकोस हे नंतर. आम्ही मुफस्सिर नाही, अर्थ लावण्याचा अधिकारही सांगत नाही. पण आपल्या मिंबरांवरून पुढची आयत वारंवार ऐकू येते आणि मागची क्वचित, एवढं आम्ही कानांनी ऐकलेलं सांगू शकतो.

फिकहमध्ये जबरदस्तीचा, ‘इकराह’चा विचार स्वतंत्रपणे झाला आहे. त्याचं मूळ हजरत अम्मार बिन यासिर यांच्या कथेत आहे. आई सुमय्या आणि बाप यासिर यांना जुलमानं मारलं गेलं. अम्मारच्या तोंडून छळ करणाऱ्यांना हवं ते वदवून घेतलं गेलं. ते रडत पैगंबरांकडे आले, तेव्हा त्यांना विचारलं गेलं ते मनाबद्दल. मन ईमानावर ठाम आहे ना? मग झालं. सूरे नहलमध्ये अशा माणसाला वगळलेलं आहे. भीती किती मोठी असली म्हणजे माफी, यावर फकिहांनी पुष्कळ खल केला. जिवाची भीती वेगळी, मारहाणीची वेगळी, मालमत्तेची वेगळी. केळ्यांचा गाडा यात कुठं बसतो हे आम्ही ठरवणार नाही. त्या गाड्यावर घरातली पाच तोंडं होती, हे माहीत आहे. खाला आमच्या लेखी सुटल्या. मग उरलेला बोजा कुणाच्या डोक्यावर? ज्यानं पाहिलं, ज्याला विचारलं गेलं आणि ज्याला भीती नव्हती, त्याच्या. आम्हाला त्या पोरांनी सलाम केला होता.

हिल्फुल फुजूलची गोष्ट सीरतच्या पुस्तकांत आपण सर्वांनी लहानपणी वाचलेली आहे. बहुतेक वेळा ती दोन ओळींत उरकली जाते. यमनच्या जबीदचा एक व्यापारी मक्केत माल घेऊन आला. आस बिन वाइल या बड्या असामीनं माल घेतला आणि पैसे दिले नाहीत. परका माणूस, टोळी नाही, ओळख नाही. तो आधी गेला ते आसच्या मित्र-टोळ्यांकडे, म्हणजे वजनदार लोकांकडेच. त्यांनी त्याला झिडकारलं. एवढ्यावर तो मालाचं नाव सोडून यमनला परतला असता तर इतिहासाला पत्ताही लागला नसता. पण तो सकाळच्या वेळी, कुरैशचे लोक काबाभोवती आपापल्या बैठकीत बसलेले असताना, अबू कुबैसच्या टेकडीवर चढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपली फिर्याद सांगितली. तेव्हा जुबैर बिन अब्दुल मुत्तलिब हलले. अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी बनू हाशिम, बनू जुहरा, बनू तैम वगैरे घराण्यांची माणसं जमली आणि करार झाला. मक्केचा असो की परका, ज्याच्यावर जुल्म झाला त्याच्या बाजूनं आपण एक हात होऊन उभं राहायचं, त्याचा हक मिळेपर्यंत. मग ते सगळे मिळून आसच्या दारी गेले आणि माल घेऊन आले. त्या बैठकीला पैगंबर हजर होते. वय विसाच्या आसपास, पैगंबरी अजून दूर होती. पुढं इस्लाम आल्यावरही त्यांनी या कराराची आठवण अभिमानानं काढली आणि त्याच्या नावानं आजही हाक आली तर आपण जाऊ असं सांगितलं. करार करणारे मुसलमान नव्हते. ज्याच्यासाठी केला तोही नव्हता.

या गोष्टीत आमच्या दृष्टीनं तीन माणसं महत्त्वाची. व्यापारी, ज्यानं पहिल्या दारी नकार मिळाल्यावर दुसरी जागा शोधली. जुबैर, जे हाक ऐकून उठले. आणि तिसरा तो, ज्याचं नाव कुठं नाही, जो काबाच्या सावलीत बसून हाक ऐकत होता आणि म्हणाला असेल, जाऊ द्या, एका व्यापाऱ्यानं काय होतं. त्या तिसऱ्याच्या जागी आम्ही होतो.

तर आजच्या काळात अबू कुबैस कुठं आहे? उपदेश सोडून थोडं कामाचं बोलू. खालांना त्या दिवशी जे सांगायला हवं होतं, ते आता लिहितो.

‘तुमचं मत झालं’ असं गल्लीतल्या पोरानं सांगितलं तर ते मत झालेलं नसतं. हे सांगण्याचा अधिकार केंद्रातल्या मतदान अधिकाऱ्यालाच आहे, आणि तोही यादी आणि नोंदवही पाहूनच सांगू शकतो. म्हणून पहिलं काम, कसंही करून केंद्राच्या आत पोचणं. सोबतीला एक माणूस घेऊन. खरोखरच कुणी तोतयानं आपल्या नावावर मत देऊन टाकलं असेल तरीही हात हलवत परतायचं नाही. केंद्राध्यक्षाला सांगायचं की मी मत दिलेलं नाही. तो ओळख पटवायला प्रश्न विचारतो, समाधान झालं की कागदी मतपत्रिका देतो. तिला ‘प्रदत्त मत’ म्हणतात. वेगळ्या यादीत सही किंवा अंगठा घेतात, ती मतपत्रिका लिफाफ्यात बंद होते. नेहमीच्या मोजणीत ती धरली जात नाही, हे खरं. तिचा उपयोग उद्या कोर्टात. पण ती आहे म्हणजे नोंद आहे. ‘शांततेत’ या शब्दाच्या पोटात गेलेल्या एका लबाडीचा तो कागद आहे.

एका मतानं काय होतं, म्हणालो होतो ना आम्ही? त्याच्या आदल्याच वर्षी, 2008 साली, राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मतानं पडले. मुख्यमंत्रिपदासाठी ज्यांचं नाव घेतलं जात होतं तो माणूस, एका मतानं. आणि तिथली प्रदत्त मतं मोजायची की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आम्ही ते पेपरात वाचलेलं होतं. ओट्यावर बसूनच वाचलेलं होतं.

केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी असते. आत किंवा जवळ दंगा करणाऱ्याला केंद्राध्यक्ष पोलिसांकरवी बाहेर काढू शकतो, अटकही करवू शकतो. आमची पानटपरी शंभर मीटरच्या बाहेर होती. हे लोक अंतर मोजूनच उभे राहतात. पण दबावाच्या गुन्ह्याला अंतराची अट नाही. तिथं तक्रार करायची ती क्षेत्रीय अधिकाऱ्याकडे, जो दिवसभर आठ-दहा केंद्रांवर जीपनं फिरत असतो. त्याच्या वर निवडणूक निर्णय अधिकारी, त्याच्या वर जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणजे आपले कलेक्टर. यांच्याशिवाय आयोगानं बाहेरच्या राज्यातून पाठवलेले निरीक्षक असतात, त्यांना 1996 पासून कायद्यातच जागा आहे. स्थानिक आमदाराशी त्यांचं लागत नाही, एवढा एक गुण मोठा. त्यांचे फोन नंबर पेपरात छापून येतात, ते कापून ठेवावेत. 1950 हा नंबर लक्षात राहायला सोपा. 2018 पासून ‘सी-व्हिजिल’ नावाची मोबाइलवरची सोय आहे. जागेवरूनच फोटो किंवा चित्रफीत पाठवायची, नाव न सांगताही पाठवता येते, आणि शंभर मिनिटांत दखल घेण्याचा आयोगाचा वायदा आहे. केंद्राच्या आत मात्र मोबाइल चालत नाही. आणि नगरपालिका, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या. दिल्लीच्या आयोगाकडे त्यांची तक्रार केली तर ती वाया जाते. खरी दहशत तर तिथंच. वॉर्डातली मतं शेकड्यांत मोजायची, उमेदवार चुलत्याचा मुलगा, आणि दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी त्याच्याच हातात.

बुरखा किंवा नकाब घालणाऱ्या बहिणींसाठी एक सांगायला हवं. चेहरा पाहून ओळख पटवणं हे केंद्रातलं काम आहे आणि त्यासाठी महिला मतदान अधिकारी असते. आडोशाला तिला चेहरा दाखवायला हरकत घेऊ नये. हरकत घेतली तर आपलंच मत जाईल. पण हा अधिकार तिचाच. 2024 च्या मे महिन्यात हैदराबादेत एका महिला उमेदवारानंच रांगेतल्या बायकांचे नकाब वर करायला लावले, तेव्हा तिच्यावर गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला उत्तर प्रदेशात पोटनिवडणुका झाल्या. मीरापूर, सीसामऊ, कुंदरकी. पोलीसच रस्त्यात ओळखपत्रं तपासून लोकांना परत पाठवत असल्याच्या तक्रारी आल्या. एका ठिकाणी पोलीस अधिकारी बायकांच्या दिशेनं पिस्तूल रोखून उभा असलेली चित्रफीत सगळ्या देशानं पाहिली. दंगा आवरत होतो, असं पोलिसांचं म्हणणं. आयोगानं मतदारांची ओळखपत्रं तपासणं पोलिसांचं काम नाही असं बजावलं आणि त्याच दिवशी काही पोलिसांना निलंबित करायला लावलं.

आता इथं वाचक म्हणेल, मास्तर, पोलिसाविरुद्ध तक्रार पोलिसाकडे करायची? प्रश्न रास्त आहे. निलंबन झालं म्हणून परत गेलेल्या बायकांची मतं परत आली नाहीत. जुल्म करणारा आणि दाद देणारा एकाच गणवेशात असला की कायद्याचं पुस्तक जड होतं. आम्ही यावर एवढंच म्हणू शकतो की व्यापाऱ्यालाही पहिल्या दारी आसचेच दोस्त भेटले होते. निलंबन झालं ते कुणीतरी चित्रफीत काढली म्हणून, ओरडलं म्हणून. ज्या केंद्रांवर कुणी ओरडलं नाही, तिथलं मतदान शांततेतच झालं असणार.

बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. 15 जून 1949 रोजी घटना समितीत निवडणूक आयोगाचं कलम मांडताना त्यांनी सगळ्या देशासाठी एकच, प्रांतिक सरकारांपासून स्वतंत्र असा आयोग का हवा याचं कारण दिलं. काही प्रांतांत वंशानं, भाषेनं, संस्कृतीनं ‘आपले’ नसलेल्या लोकांना मतदार यादीबाहेर ठेवण्याचे उद्योग चालले आहेत, अशी माहिती समितीकडे आली होती. म्हणजे हा आयोग जन्मला तोच परक्या यमनी व्यापाऱ्यासाठी. आयोग आज ते काम कसं करतो यावर मतं निरनिराळी असतील, आमचीही आहेत. पण तिथं जाऊन उभं राहणं म्हणजे मेहेरबानी मागणं नाही. पुष्कळ मुसलमान मित्र म्हणतात, सरकारच्या दारात हात पसरायचा कशाला? यात हात पसरणं कुठं आलं?

एका गोष्टीबद्दल मात्र आम्हाला सरकारी व्यवस्थेचं कौतुक आणि आपल्या लोकांचा राग, दोन्ही वाटतात. मतदानाच्या आधी आयोग ‘वल्नरेबिलिटी मॅपिंग’ नावाचा एक प्रकार करून घेतो. नाव जड आहे, काम सोपं आहे. कोणत्या वस्तीला, कोणत्या गल्लीला भीती घातली जाऊ शकते आणि घालणारे कोण, याची यादी करायची. क्षेत्रीय अधिकारी वस्तीत येऊन विचारतात. मग तिथं बंदोबस्त वाढतो, भीती घालणाऱ्यांकडून हमीपत्रं घेतली जातात. सरकार स्वतः येऊन विचारतं आहे की बाबा, तुला कुणाची भीती वाटते का? आणि आमच्या मोहल्ल्यात अधिकारी आले तेव्हा पंचमंडळींनी चहा पाजून सांगितलं, ‘साब, अपने यहाँ सब ठीक है.’ का, तर मोहल्ल्याची बदनामी नको. त्या चहाला आम्हीही होतो. साक्ष लपवण्याची गोष्ट करायची असेल तर ही घ्या. भ्यालेल्या म्हातारीच्या आधी या चहापानाचा हिशेब व्हावा.

आणखी एक भीती आहे, मतमोजणीनंतरची. मत गुप्त असतं हे माणसापुरतं खरं. गल्लीचं मत गुप्त नसतं. केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, आणि उर्दू शाळेच्या खोलीत कुणाला किती पडली हे तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पाठ असतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात, जिथं मतदारांवर सूड उगवला जाण्याची भीती असेल तिथं मोजणीपूर्वी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय नियमांत होती. यंत्रं आली आणि ती सोय गेली. 2008 साली आयोगानं ‘टोटलायझर’ सुचवला. अनेक यंत्रांची बेरीज एकदम काढायची, म्हणजे एकेका केंद्राचा आकडा उघडा पडत नाही. 2015 मध्ये विधी आयोगानंही आपल्या 255 व्या अहवालात तीच शिफारस केली. केंद्र सरकारनं ती मान्य केली नाही. हा विषय तांत्रिक वाटतो म्हणून आपल्या परिषदांत, संमेलनांत निघत नाही. पण 2019 साली सुलतानपूरच्या सभेत मेनका गांधी यांनी, मुसलमानांनी मत दिलं नाही तर उद्या कामाला येतील तेव्हा विचार करावा लागेल अशा अर्थाचं जाहीर सांगितलं आणि आयोगानं त्यांना 48 तास प्रचारबंदी केली. ते बोलणं शक्य होतं कशामुळं? कुणी दिलं नाही ते कळतं, याची खात्री असल्यामुळं. सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली ‘नोटा’चा निकाल देताना मताची गुप्तता आणि निर्भय मतदान यांचं नातं सांगितलं. ते नातं एकेका मतदारापाशी येऊन थांबलं, मोहल्ल्यापर्यंत पोचलं नाही. गाडा चौकातून उठवायचा की ठेवायचा, हे त्या केंद्राच्या आकड्यावर ठरतं.

दलित बांधवांना मतापासून अडवलं तर त्यांच्यासाठी अॅट्रॉसिटी कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. आपल्यातल्या खाटीक, मेहतर, फकीर यांना ती लागू नाही. हा वेगळ्या लेखाचा विषय, पण इथं नोंदवून ठेवतो.

2014 साली पुन्हा विधानसभा आली. आम्ही पाच जण जमलो. निवृत्त झालेले आम्ही, बौद्धवाड्यातले एक पोस्टातले गृहस्थ, किराणा दुकानदार पाटील, दर्ग्याचे मुजावर आणि मोहल्ल्यातल्या एक अंगणवाडी ताई. पोलीस ठाण्याला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी कळवलं, पोच घेतली. कोणत्याही पक्षाचं चिन्ह, झेंडा, चिठ्ठी नाही. पानटपरीसमोर शाळेच्या दिशेनं पाच खुर्च्या टाकून बसलो. ज्याला एकटं जायचं नसेल त्याच्यासोबत शाळेच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच काम. मोटारसायकली आल्या, तासभर थांबल्या, गेल्या. मोठं धाडस वगैरे काही करावं लागलं नाही. उन्हात बसून पाठ दुखली, एवढीच झीज. पाटलांनी दुपारी भडंग आणवला.

खाला अकरालाच आल्या. ताई त्यांच्यासोबत गेल्या. परत येताना खालांनी शाईचं बोट आमच्यासमोर धरलं, हसल्या, आणि खुर्च्यांकडे बघत म्हणाल्या, ‘मास्तर, ये कुर्सियाँ उस टैम किधर थे?’

आम्ही म्हणालो, ‘खाला, बसा, पाणी घ्या.’

त्या बसल्या नाहीत. नातवाची शाळा सुटायची वेळ झाली होती. 2017 साली खाला गेल्या. आम्ही शिकवलेला तो पोरगा आता दोन मुलांचा बाप आहे, स्टँडजवळ मोबाइलचं दुकान चालवतो. 2024 च्या नोव्हेंबरात सकाळी सातला तो आला आणि आमच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. त्या दिवसाबद्दल तो काही बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, यावर आमचं आणि पोस्टातल्या गृहस्थांचं अजून एकमत झालेलं नाही.